दुभाष्याचें इंग्रजी

मासिकांच्या परीक्षणाच्या पानांत काव्य, कादंबरी व नाटक यांना मानाचें स्थान मिळतें, आणि तें मिळावें हें योग्यच आहे. परंतु ज्या पुस्तकांवर एखाद्या कुटुंबाच्या उद्यांच्या मिळकतीचा भरंवसा असतो, त्यांच्याकडे टीकाकाराची दृष्टि सहसा वळत नाहीं. प्रवासाच्या धंद्यांत शिरूं पाहणाऱ्या मुलामुलींना इंग्रजी शिकविण्यासाठीं लिहिलेलीं पुस्तकें हीं अशांपैकीं होत. डोंबिवलीच्या स्थानकाबाहेर पूर्वेस उतरा कीं पश्चिमेस, इंग्रजी बोलावयास शिकविणाऱ्या वर्गाची पाटी दिसल्यावांचून राहत नाहीं. वाघिणीचें दूध म्हणून एके काळीं जिचा गौरव झाला, ती भाषा येथें जिन्याजिन्यावर महिन्याच्या रतिबानें मिळते. २०१७ सालीं ज्या नगरींत नव्वदावें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें, तेथेंच हा व्यवहार जोरांत चालावा याचें कोणी हंसें करील. आम्हांस त्यांत हंसण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. मराठी शाळेंतून निघालेल्या मुलास पोटासाठीं इंग्रजी लागतें. प्रश्न इतकाच कीं तें कोणतें इंग्रजी, आणि तें त्यास येथें मिळतें काय?

हा प्रश्न आमच्या मनांत ज्या प्रसंगीं उभा राहिला तो सांगतों. अशाच एका वर्गांत मुलाखतीचा सराव चालला असतां आम्हांस बसावयास मिळालें. परीक्षकांनीं प्रथम मराठींत विचारल्यामुळें एका मुलीनें आपल्या सोसायटीच्या अष्टविनायक यात्रेची हकीकत सांगितली. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढवणार नाहींत म्हणून खालींच बसून राहिलेल्या दोन आजींची सोय तिनें कशी लावली, ओझरला चुकामूक झालेल्या गृहस्थांना कसें हुडकून काढलें, उशीर झाला असतां खाणावळीच्या मालकाशीं गोड बोलून पंक्ति कशी बसविली, हें सारें ती हातवारे करीत सांगत होती. माणसें सांभाळून नेण्याचें अंग तिला उपजतच आहे असें कोणासही वाटलें असतें. मग परीक्षक म्हणाले, "आतां हेंच इंग्रजींत." मुलगी गप्प झाली. क्षणभरानें पाठ म्हणावा तसें तिनें म्हटलें, "गुड मॉर्निंग सर, हाउ मे आय हेल्प यू?" वाक्य निर्दोष होतें, उच्चारही ठीक होता. पण थोड्या वेळापूर्वीं तेथें बसलेली ती कर्तबगार मुलगी कोठें गेली, तें आम्हांस कळेना.

तिचा शोध पुस्तकांत घेतां येतो. सरकारी पुस्तकापासून प्रारंभ करूं. भोपाळ येथें १९९३ सालीं स्थापन झालेली पंडित सुंदरलाल शर्मा केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्था शाळांतील व्यवसायविषयांचीं पुस्तकें तयार करते. नववी-दहावीसाठीं तिनें काढलेल्या 'एम्प्लॉयेबिलिटी स्किल्स' या पुस्तकांचा पहिलाच घटक संवादकौशल्याचा आहे. हा भाग सर्व व्यवसायांना सामायिक असल्यामुळें मोटार दुरुस्त करणारा, केशभूषा करणारी आणि प्रवाशांना वाट दाखविणारा, या तिघांना धडा एकच. त्यांत विद्यार्थ्यानें संवादाचे प्रकार, संवादाचें चक्र, संवादांतील अडथळे आणि नाम, सर्वनाम, क्रियापद इत्यादि शब्दांच्या जाती शिकावयाच्या असतात. अडथळ्यांचीं नांवें पाठ झालीं म्हणजे अडथळे दूर होतात, अशी पुस्तककर्त्यांची समजूत असावी. परीक्षेस मात्र हा धडा फार सोयीचा आहे. व्याख्या विचारतां येतात आणि गुणही देतां येतात. वर सांगितलेल्या मुलीनें हा घटक शिकून चांगले गुण मिळविले असते आणि तरीही ती तशीच गप्प बसली असती.

परदेशांत तयार झालेलीं पुस्तकें याहून पुष्कळ सरस आहेत, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. टॉम हचिन्सन व ॲलन वॉटर्स यांनीं १९८७ सालीं विशिष्ट कामासाठीं इंग्रजी शिकविण्याविषयीं जो ग्रंथ लिहिला, त्याचा रोख असा कीं शिकणाराला भाषा कशासाठीं हवी हें आधीं नीट पाहावें आणि मग काय शिकवावयाचें तें ठरवावें. मिरिअम जेकब व पीटर स्ट्रट यांचें 'इंग्लिश फॉर इंटरनॅशनल टुरिझम' (१९९७) आणि त्या जातीचीं इतर पुस्तकें याच विचारांच्या छायेंत वाढलीं आहेत. त्यांत व्याख्यांऐवजीं कामें असतात : खोली राखून ठेवणें, दूरध्वनीवर चौकशीस उत्तर देणें, रागावलेल्या पाहुण्याची तक्रार ऐकून घेणें, स्थळाचें वर्णन करणें. चित्रें सुरेख, छपाई स्वच्छ. दोष एकच, पण तो मुळाशीं आहे. हीं पुस्तकें साऱ्या जगांतील विद्यार्थ्यांना एकदम विकावयाचीं असल्यामुळें कोणत्याच विद्यार्थ्याची स्वतःची भाषा त्यांत येऊं शकत नाहीं. त्यांतील पाहुणा इंग्रजींत येतो, इंग्रजींत रागावतो आणि इंग्रजींतच समाधान पावून निघून जातो. मध्येंच मान वळवून कोणी आपल्या माणसाशीं आपल्या भाषेंत बोललें आहे, असें दृश्य तेथें दिसत नाहीं.

आतां हचिन्सन-वॉटर्स यांचीच कसोटी डोंबिवलीस लावून पाहूं. येथील मुलीला इंग्रजी कशासाठीं हवें? कांहीं थोडीं मुलें, सांप्रत दादरला असलेल्या व १९५४ सालीं स्थापन झालेल्या हॉटेल-व्यवस्थापनाच्या संस्थेंत किंवा तिच्यासारख्या ठिकाणीं जातात आणि मोठ्या हॉटेलांतून परदेशी पाहुण्यांसमोर उभीं राहतात. त्यांना वरील पुस्तकें उपयोगीं पडतील. परंतु मराठी माणसानें प्रवासाच्या धंद्यांत जें खरें कर्तृत्व दाखविलें तें मराठी माणसालाच जग दाखविण्याचें. १९८४ सालीं केसरीभाऊ पाटील यांनीं काढलेली केसरी टूर्स आणि २०१३ सालीं वीणा पाटील यांनीं सुरू केलेली वीणा वर्ल्ड यांनीं मध्यम वर्गांतील कुटुंबें युरोपापर्यंत नेलीं, आणि चाळीस माणसांबरोबर त्यांच्याच भाषेंत बोलणारा एक मुलगा किंवा मुलगी ही या सहलींची ओळख होऊन बसली. या मुलीचे पाहुणे मराठी बोलतात. इंग्रजी तिला लागतें तें बसच्या चालकाशीं, हॉटेलच्या कारकुनाशीं, स्वयंपाकघरांतल्या माणसाशीं आणि औषधाच्या दुकानांत बोलावयास. झुरिकला तो चालक पोर्तुगालचा असेल, तो कारकून इटलीचा असेल. इंग्रजी दोघांपैकीं एकाचीही मातृभाषा नसेल, जशी ती आपल्या मुलीचीही नाहीं. साहेबापुढें उभें राहून बोलावयाचें इंग्रजी तें हें नव्हे. एका कानानें मराठी ऐकून तोंडानें इंग्रजी बोलावयाचें आणि इंग्रजी ऐकून मराठींत सांगावयाचें, हें तिचें काम. त्यास आपल्या भाषेंत जुना आणि चांगला शब्द आहे : दुभाष्या.

दुभाष्याला उपयोगीं पडेल असें पुस्तक मराठींत एके काळीं घरोघर होतें. द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची 'भाषांतर पाठमाला' आमच्या वडीलधाऱ्यांपैकीं कितीकांनीं गिरविली असेल! (मराठीचें व्याकरण १८३६ सालीं लिहिणारे दादोबा पांडुरंग ते निराळे, या दोन तर्खडकरांचा घोटाळा चांगले शिकलेले लोकही करतात.) एक नियम, त्याचीं उदाहरणें, मग मराठी वाक्यांचें इंग्रजी करा आणि इंग्रजी वाक्यांचें मराठी करा, असा तिचा क्रम. पुढें ही पद्धति जुनाट ठरली. भाषा भाषेंतूनच शिकवावी, मधें मातृभाषेची कुबडी नको, असें मत रूढ झालें आणि पाठमाला माळ्यावर गेली. तिच्यावरील आक्षेप खोटे नव्हते. तिचीं वाक्यें कोणाच्याच तोंडचीं नसतात; कोण कोणाला, कोठें, कशासाठीं बोलतो तें कळत नाहीं. पाठमाला पुरी केलेला गृहस्थ इंग्रजी वर्तमानपत्र सहज वाची, पण साहेबानें पाणी मागितलें तर आधीं कर्ता शोधूं लागे. तथापि एका गोष्टीचें श्रेय तिला दिलें पाहिजे : दोन भाषा एकमेकींवर कोठें नीट बसत नाहींत, तें ती दाखवून देई. आणि प्रवाशांना नेणारी मुलगी अडखळते ती नेमकी याच सांध्यांवर.

याचें सर्वांत मोठें उदाहरण आदराचें आहे. मराठींत आदर क्रियापदाच्या शेपटांत असतो. 'बस' आणि 'बसा' यांत जें अंतर आहे त्यावर आपल्या घरांतील सारी रीतभात उभी आहे. इंग्रजी क्रियापदाला हें शेपूट नाहीं. मुलगी मनांत अत्यंत अदबीनें 'बसा, बसा' म्हणते आणि तोंडांतून 'सिट, सिट' बाहेर पडतें. ऐकणाराला वाटतें, ही कुत्र्याला हुकूम देते आहे. 'जरा थांबा' याचें 'वेट' होतें, 'खिडकी लावून घ्या' याचें 'क्लोज द विंडो' होतें. मुलगी उद्धट नाहीं. तिचा आदर वाटेंत गळून पडला आहे आणि तिला त्याचा पत्ता नाहीं. वर्गांत यावर तोडगा म्हणून 'प्लीज' लावावयास सांगतात. पण तो शब्द तिच्या जिभेवर सहज येत नाहीं, कारण त्याचा मराठी भाऊ जो 'कृपया' तो तिनें आजवर रेल्वेच्या ध्वनिक्षेपकावरून आणि कचेरीच्या पाट्यांवरून ऐकला आहे. घरांत आईला कोणी 'कृपया पोळी वाढ' म्हणत नाहीं. शिक्षकानें एकदांच फळ्यावर लिहून दाखवावें कीं, तुझ्या 'बसा'मधला जो 'आ' आहे तोच इंग्रजींत 'वुड यू लाइक टु' होऊन वाक्याच्या आरंभीं येतो. मग 'प्लीज' घोकावयाचा राहत नाहीं. आपलाच आदर निराळ्या जागीं ठेवावयाचा असतो. परंतु हें सांगावयास मराठी लागतें, आणि आम्हीं पाहिलेल्या वर्गांत तर मराठी शब्द उच्चारल्यास पांच रुपये दंड होता.

होकार-नकाराचेंही असेंच. 'तुम्ही जेवलां नाहीं ना?' या प्रश्नास आपण 'हो' म्हणतों तेव्हां जेवलों नाहीं असें सांगतों. इंग्रजींत तेथें 'नो' लागतो. 'वुड यू माइंड वेटिंग?' असें विचारणाऱ्या कारकुनास नम्र मराठी मुलगा 'येस, येस' म्हणतो आणि न कळत थांबावयास नकार देतो. निघतांना 'येतो' म्हणण्याची आपली गोड रीत शब्दशः इंग्रजींत नेली तर काय होईल हें सांगावयास नको.

वेळेचा एक घोटाळा तर चाळीस माणसांना रस्त्यावर ठेवील असा आहे, आणि तो आम्हीं पाहिलेल्या कोणत्याही पुस्तकांत नाहीं. साडेसहाला इंग्रज बोलण्याच्या ओघांत 'हाफ सिक्स' म्हणतो. जर्मन भाषेंत मात्र साडेसहाला 'अर्धे सात' म्हणण्याची चाल आहे. सातवा तास अर्धा झाला, असा तो हिशेब. झुरिकचा जर्मनभाषी चालक आपल्या भाषेंतून इंग्रजी करून 'हाफ सेव्हन' म्हणाला, तर मराठी मुलगी माणसांना साडेसात सांगते, आणि बस तासाभरापूर्वींच येऊन दारांत उभी राहते. यावरून जर्मनांचा हिशेब विचित्र आहे असें आपल्यास वाटेल. पण आपला 'अडीच' संस्कृतांतील 'अर्धतृतीय' या शब्दापासून आला आहे. तिसरा अर्धा, म्हणजे दोन पुरे आणि तिसऱ्याचा अर्धा. हीच ती जर्मन रीत! ज्या मुलीस 'अडीच' शब्दाची ही घडण एकदां सांगितली ती 'हाफ सेव्हन' ऐकतांच दचकेल आणि घड्याळावर बोट ठेवून वेळ पक्की करून घेईल. इंग्रजी शिकविण्यास मराठीची अडचण होते म्हणणारांनीं या उदाहरणाचा विचार करावा.

खाण्याचा विषय याहून बिकट. संकष्टीचा उपवास असलेली बाई आणि कंदमुळें वर्ज्य असलेलें जैन जोडपें एकाच टेबलाशीं बसतात. 'फास्टिंग' म्हटल्याबरोबर स्वयंपाकी समजतो कीं या बाई कांहींच खाणार नाहींत, आणि निर्धास्त होतो. त्याला समजवावयाचें असतें कीं या बाईंना गहूं-तांदूळ चालत नाहीं, पण बटाटा, शेंगदाणे, दूध, फळें चालतात. आणि पलीकडच्या जोडप्याला गहूं-तांदूळ चालतो पण बटाटा चालत नाहीं. आमचा अनुभव असा कीं, उपवास म्हणजे काय हें मुलीला पक्कें ठाऊक असतें; तें परक्याला कोणत्या क्रमानें सांगावें हें ठाऊक नसतें. कोशांतून शब्द काढून येथें भागत नाहीं. औषधाच्या दुकानांत तर कोश उलट दगा देतो. 'पित्त झालें' याचें कोशाप्रमाणें 'बाइल' करून पाहा. दुकानदार घाबरून इस्पितळाचा पत्ता देईल. पित्त म्हणजे येथें आंबट ढेकर आणि छातींतली जळजळ, हें आधीं मराठींतच उकलून घ्यावें लागतें. मग इंग्रजी आपोआप सुचतें.

उच्चाराविषयीं फार लिहीत नाहीं. वर्गांत त्यावर नको तितका वेळ जातो आणि मुलें नाकांतून बोलावयास शिकतात. दोनच गोष्टी कामाच्या. 'लिव्ह' आणि 'लीव्ह' यांतील ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मराठी कान सोडून देतो, कारण बोलतांना आपण त्यावर अर्थ टांगत नाहीं; पण गाडी सुटण्याविषयीं बोलतांना तो लागतो. आणि 'थर्टीन'-'थर्टी' यांतील आघात. खोल्यांचे आंकडे चुकले कीं रात्रीं भलत्याच दारावर थाप पडते.

आतांपर्यंत बाहेर जाणाऱ्यांविषयीं बोललों. जी मुलें येथेंच राहून वाट दाखविण्याचा व्यवसाय करूं इच्छितात, त्यांची गोष्ट निराळी आणि आमच्या मतें अधिक शोचनीय आहे. कल्याणपुढें तिसऱ्या स्थानकावर, अंबरनाथला, वालधुनी नदीच्या कांठीं शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० च्या शिलालेखाचें शिलाहारकालीन शिवमंदिर आहे. डोंबिवलीच्या मुलांनीं तें लहानपणापासून पाहिलेलें असतें. त्या मंदिराविषयीं पांच मिनिटें इंग्रजींत बोला म्हटल्यावर 'वेलकम टु धिस ब्यूटिफुल अँड एन्शंट टेंपल' या वाक्यानें प्रारंभ होतो आणि 'ब्यूटिफुल' हा शब्द आणखी चारदां येऊन भाषण संपतें. दोष इंग्रजीचा आहे असें शिक्षक समजतो आणि आणखी विशेषणें देतो. आम्हीं तेंच मराठींत बोलावयास सांगितलें, तेव्हां दिसून आलें कीं मराठींतही 'सुंदर' आणि 'प्राचीन' यांपलीकडे कांहीं नव्हतें. गाभारा मंडपाच्या पातळीच्या खालीं आहे आणि पायऱ्या उतरून जावें लागतें. वर शिखराचा माथा नसल्यामुळें प्रकाश सरळ पिंडीवर येतो. शिखराची घडण भूमिज पद्धतीची, म्हणजे लहान लहान शिखरांच्या ओळी रचून केलेली. यांपैकीं एकही गोष्ट त्यांच्या वर्गांत कोणी बोलून दाखविली नव्हती. सांगावयाचें कांहीं नसलें म्हणजे विशेषणें वाढतात, हा रोग भाषेचा नाहीं.

आणि सांगावयाचें असलें म्हणजे काय होतें तेंही पाहावें. २०२५ सालीं मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशांत गेले. त्यांतील अकरा महाराष्ट्रांत आहेत. राजगडावर उभें राहून 'माची' शब्दाचें इंग्रजी काय, असें एखादा परदेशी विचारील. एका शब्दांत तें नाहीं. डोंगराचा माथा जेथें बालेकिल्ला झाला, त्याच्या खालच्या अंगाला पसरलेली सपाटी, तिला तटानें बांधून घेतलेली, आणि राजगडाला अशा तीन : पद्मावती, संजीवनी, सुवेळा. ज्यानें ही गोष्ट पायांनीं पाहिली आहे आणि मराठींत नीट उलगडली आहे, त्याला मोडक्या इंग्रजींतही ती सांगतां येते, हातानें डोंगराचा आकार काढून सांगतां येते. ऐकणारा ती विसरत नाहीं.

यावर आक्षेप येईल कीं मनांत भाषांतर करणारा मुलगा सावकाश बोलतो, आणि मुलाखतींत सावकाश बोलणारास जागा मिळत नाहीं. आक्षेप खरा आहे. मुलाखत घेणारा दहा मिनिटांत माणूस पारखतो, आणि पाठ केलेलें वाक्य झटकन म्हणणारा त्याला हुशार दिसतो. एका मध्यम स्थितींतल्या बापानें वर्गाची फी हप्त्यांनीं भरली आहे, मुलाला नोकरी पुढच्याच महिन्यांत हवी आहे. त्याला आम्हीं 'अडीच' शब्दाची व्युत्पत्ति सांगूं लागलों तर त्याला राग आला तरी आम्ही वाईट मानणार नाहीं. म्हणून पाठ केलेलीं वीस-तीस वाक्यें अवश्य असावींत. दारांतून आंत शिरावयास तीं पुरतात. परंतु वर्गाचें सबंध वर्ष त्या दारांतच काढावें, आणि आंत गेल्यावर पहिल्या उपवासाला, पहिल्या 'हाफ सेव्हन'ला मुलीनें एकटीनें तोंड द्यावें, याला शिक्षण कसें म्हणावें तें आम्हांस समजत नाहीं. तर्खडकरांची पाठमाला जशीच्या तशी परत आणावी असें आमचें म्हणणें नाहीं. तिची उभी-आडवी भाषांतराची रीत घेऊन, वाक्यें मात्र बसमधलीं, भटारखान्यांतलीं, देवळाच्या पायरीवरचीं घालून कोणी मराठी शिक्षकानें नवें लहानसें पुस्तक लिहावें. तें साऱ्या जगांत खपणार नाहीं. ठाण्यापासून कर्जतपर्यंत खपलें तरी पुष्कळ.

त्या वर्गांत पुढें आणखी एका संध्याकाळीं आम्ही गेलों होतों. दंड तेवढ्यापुरता माफ करावा अशी शिक्षकांस विनंति केली, व ते सज्जन असल्यामुळें त्यांनीं ती मान्य केली. फळ्यावर आम्हीं एकच वाक्य लिहिलें : 'आजी, जपून हं, पायरी ओली आहे.' याचें इंग्रजी करा. 'आजी'चें काय करावें यावरच पहिलीं दहा मिनिटें गेलीं. 'ग्रँडमदर' म्हटलें तर परकी बाई रागावेल असें एकीचें मत. 'मॅडम' म्हटलें तर आजी राहत नाहीं असें दुसरीचें. 'हं' कोठें ठेवावा हें कोणासच सुटेना. अष्टविनायकवाली मुलगी मागच्या बांकावर होती. ती उठली, शेजारणीचा हात कोपराशीं धरला, एक पाऊल खालीं टाकल्यासारखें केलें आणि हळूच म्हणाली, "इट्स वेट हिअर. टेक माय हँड." शिक्षक म्हणाले, "पण यांत 'आजी' कोठें आहे?" ती म्हणाली, "सर, हात धरला ना." मग त्यावर वाद सुरू झाला, आणि आम्हांस लोकल गांठावयाची असल्यामुळें तो संपण्यापूर्वींच उठावें लागलें.